यंत्राच्या डोळ्यातली हळद

आई एकवीरेची शपथ घेऊन सांगते, आणि मोठ्याने सांगते, म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या माधुरीलाही ऐकू जाईल. तिला माझं काहीच खरं वाटत नाही. ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मीठमसाला नाही, वरून फोडणी नाही. खोटं निघालं तर माझ्या हातच्या कालवणाची चव जावो. झालं समाधान? मग ऐका.

खारदांड्याची नमिता. तिच्या घरात समुद्र सगळ्यांच्याच वाट्याला आलेला, पण वाटणी ठरलेली. पुरुषांनी बोट न्यायची, बायकांनी बाजार करायचा. नमिताची आई वाकोल्याच्या बाजारात मासळी घेऊन बसते. आजी पुतळाबाई, गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत, तिथेच बसायची. काका धर्मा बोट चालवतो. पोरीने मात्र तिसरंच काढलं. ती समुद्राचं शास्त्र शिकली आणि अंधेरीच्या एका लॅबमध्ये लागली. डॉक्टर कसा ताप बघतो, रक्त काढतो, पोट दाबून बघतो, तशी ही समुद्राची तपासणी करते. पाण्याचा ताप बघते, बाटलीत पाणी काढते, तळाचा चिखल उपसून बघते.

पण आतापर्यंत हे सगळं लॅबमध्ये बसून, दुसऱ्यांनी आणलेल्या बाटल्यांवर. बोटीवर जायची तिची पहिलीच खेप होती, आणि ती काही साधी खेप नव्हती. पुढच्या महिन्यात एक मोठं जहाज मुंबईहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने पार केरळपर्यंत समुद्र तपासत जाणार होतं. लॅबच्या वाट्याला त्यावर जागा एकच. उमेदवार दोन, नमिता आणि वाकोल्याचा कृणाल. राजाराम सरांनी सांगूनच टाकलं होतं, "उद्या यंत्र नमिता सांभाळेल, परवा कृणाल. ज्याचं काम चोख, तो जहाजावर."

नमिताला ते जहाज स्वप्नातसुद्धा दिसायचं. शिडीसकट.

योगायोग असा, की लॅबने ह्या कामाला भाड्याने घेतली ती धर्माचीच बोट. त्यामुळे आदल्या संध्याकाळी यंत्राची पेटी धर्माच्या, म्हणजे नमिताच्याच घरी आली. ओटीवर ठेवली, झाकण उघडलं, आणि नमिता सगळं तपासायला बसली. दुधाच्या छोट्या कॅनएवढा स्टीलचा पिंजरा, आत नळकांडी. लॅबमध्ये त्याला सीटीडी म्हणतात. दोरीने पाण्यात सोडायचं, खाली जाता जाता ते खारटपणा, गारवा आणि खोली मोजत जातं. एका बाजूला काचेची इवलीशी खिडकी. तिच्यातून निळा उजेड बाहेर पडतो, त्यात पाण्यातलं हिरवं शेवाळ चमकतं आणि ते किती आहे ते कळतं. डोळ्यांना दिसणार नाही असं बारीक शेवाळ हो, खडकावरचं नाही.

पुतळाबाई आतून हात पुसत आली.

"हे काय आनलंस गो?"

"आजी, याला हात लावायचा नाही. आधीच सांगते."

"मी कनाला हात लावू? मना काय काम नाय?"

"परदेशातनं आलंय ते. बिघडलं तर माझी वाट लागेल."

"परदेशातनं आयलंय म्हंजी पावना हाय." पुतळाबाई पाटावर टेकली. "पावन्याला काय इचारलंस का नाय? का नुसतंच दर्यात ढकलनार उद्या?"

"ढकलणार नाही, सोडणार. दोरीने."

"आनि ह्याचा डोला कनचा?"

आजीने आपल्या कामाबद्दल काहीतरी विचारलं, ह्याचाच नमिताला केवढा आनंद झाला! तिने कौतुकाने खिडकी दाखवली. "ही बघ. इथून ते बघतं. मऊ फडक्याने पुसायची असते, नखसुद्धा लागता कामा नये."

"बगतं?" पुतळाबाई म्हणाली. "मंग जिवंत हाय."

आणि ती उठून आत गेली. इतकंच बोलणं झालं. नमिता अंघोळीला गेली, धर्मा बर्फ आणायला गेला, पेटी ओटीवर राहिली. आता अंघोळ किती वेळाची असते? पण पुतळाबाईला हळद कालवायला त्याहून कमी वेळ लागतो.

सकाळी बोट निघाली. डिसेंबरची हवा, पाणी कसं गुळगुळीत. राजाराम सर मुलुंडचे, शिस्तीचे, डोक्यावर टोपी आणि टोपीला हनुवटीखाली बांधलेली नाडी. कृणालने निघतानाच नमिताच्या कानाशी तोंड नेलं.

"आज तू चुकलीस ना, तर मी हसणार नाही. नुसता आनंदी होईन."

"तू उद्या उलटी करणारेस बोटीवर. आजच गोळी घेऊन ठेव."

"आमचे आजोबा मालवणचे गं! आमच्या रक्तात समुद्र."

"आणि तुझ्या पोटात?"

किनाऱ्यावर पुतळाबाई नारळ घेऊन उभी होती. तिने बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, अर्धा पाण्यात सोडला आणि अर्धा सरांच्या हातात दिला. "धर्मा, हलू ने रे! पोर पयल्यांदा दर्यात जाते."

"आये, मी काय विमान चालवतो?" धर्मा ओरडला.

पुतळाबाईच्या तोंडावर तेव्हा एक समाधान होतं. नमिताला वाटलं, ते आपल्यासाठी. होतंही. पण थोडं पाहुण्यासाठीसुद्धा होतं.

किनारा मागे पडला, इमारती काडेपेटीएवढ्या झाल्या, तशी सरांनी बोट थांबवायला सांगितली. आधी तळाचा चिखल. त्यासाठी एक लोखंडी जबडा असतो, दोन वाट्या समोरासमोर, आ वासलेल्या. तळाला टेकला की खटकन मिटतो आणि घास घेतो. कृणाल आणि धर्माने तो ओढून वर काढला आणि तबकात रिकामा केला. काळा मऊ चिखल, त्यात वळवळणारे दोन किडे, शिंपल्याचे तुकडे, आणि एक रबरी चप्पल. डावी.

धर्मा वाकून बघत राहिला. "ही माझी."

"काका, काहीतरीच!" कृणाल म्हणाला.

"अरे, अंगठ्याला तार बांधलीय बघ. मीच बांधलेली. मागच्या शिमग्याला पडली. उजवी अजून घरी आहे, मी आशेवर ठेवलीय."

सरांनी चप्पल उचलली, तिच्यावर चिकटलेले इवलेसे शंख बघितले आणि म्हणाले, "ही तुम्हाला मिळणार नाही. हिच्यावर कोण कोण राहायला आलंय ते मला मोजायचंय." धर्माची चप्पल पिशवीत गेली, पिशवीवर चिठ्ठी लागली. धर्माचं तोंड एवढंसं झालं.

मग नमिताची पाळी. तिने यंत्र दोरीला लावलं, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि हळूच पाण्यात सोडलं. वायर बोटीवरच्या लॅपटॉपला. यंत्र खाली जातं तसतशी स्क्रीनवर रेघ उमटत जाते. खारटपणाची रेघ बरोबर. गारव्याची रेघ बरोबर. आणि हिरव्या शेवाळाची रेघ?

ती स्क्रीनच्या पार उजव्या काठाला जाऊन टेकली होती. त्याच्या पलीकडे जायला स्क्रीनच शिल्लक नव्हती.

"सर," नमिता म्हणाली.

सर आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग टोपीची नाडी सोडली. ती नाडी सोडलेली लॅबमध्ये कोणी कधी बघितली नव्हती.

"नमिता! अगं, हा शेवाळाचा महापूर आहे! एवढा आकडा मी उभ्या आयुष्यात बघितला नाही. ह्या किनाऱ्यावर नाहीच नाही. पुन्हा सोड!"

तिने पुन्हा सोडलं. पुन्हा रेघ काठाला.

"तुझी पहिली खेप आणि हे घबाड!" सर हातातला अर्धा नारळ हलवत होते. सकाळपासून तो हातातच होता, कुठे ठेवायचा ते त्यांना कळलं नव्हतं. "जहाजावर तुझी जागा पक्की समज. मोठ्या साहेबांना फोन लावतो. वर्तमानपत्रवाले माझ्या ओळखीचे आहेत, त्यांनाही कळवू. रेंज कुठे येते हो इथे?"

"केबिनच्या टपावर," धर्मा म्हणाला. "कधीकधी."

आणि साठीला आलेले राजाराम सर खरोखर टपावर चढले.

नमिताच्या डोळ्यांसमोर ते जहाज उभं राहिलं. जागा पक्की! ती शिडी, ते जहाज, केरळ! कृणाल शेजारी येऊन बसला, पडलेल्या चेहऱ्याने. "अभिनंदन," तो म्हणाला. "नशीब लागतं यार."

ती रेघेकडे बघत होती. रेघ सरळ होती. वर जेवढी, मध्ये तेवढीच, तळाशीही तेवढीच. पण शेवाळाला ऊन लागतं. ते वरच्या पाण्यात जास्त, खालच्या काळोखात कमी. एवढ्या गढूळ समुद्रात तर असंच असायला हवं. ही रेघ कशी ओळंब्याने मारल्यासारखी?

"कृणाल, ती तबकडी दे."

"कशाला? आता आकडे आलेत ना?"

"दे रे!"

तबकडी म्हणजे ताटाएवढी गोल चकती, पाव भाग पांढरा, पाव काळा, असे आलटूनपालटून चार भाग. मधून दोरी. पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचं. जेवढी लवकर गायब, तेवढं पाणी गढूळ. ना बॅटरी, ना वायर. नमिताने काठावर ओणवं होऊन ती सोडली. शेवाळाचा महापूर असता तर हातभर खाली जाऊन चकती नाहीशी झाली असती. ही चकती जात राहिली, जात राहिली, अगदी धर्माच्या उंचीएवढी खाली गेली तरी पांढरी चांदकोर दिसतच होती. मग तिने बादलीभर पाणी काढलं. खारदांड्याचं रोजचंच पाणी, चहाच्या रंगाचं. हिरवं काही नाही.

"डोळ्यांना एक दिसतंय, यंत्राला एक," ती म्हणाली.

"मग यंत्रावर विश्वास ठेव ना!" कृणाल हळूच म्हणाला. "आता मीच सांगतो, बघ. गप बस. सर खूश आहेत. जागा तुझी आहे. लॅबमध्ये गेल्यावर बघू."

टपावरून आवाज आला, "हॅलो? हॅलो! ऐकू येतंय का? नाही? थांबा, मी जरा नाळेकडे सरकतो!"

नमिताने यंत्र ओढून मांडीवर घेतलं आणि खिडकी उन्हाकडे केली. काच पिवळी होती. तिने बोट फिरवलं. बोट तेलकट झालं. बोट नाकाशी नेलं आणि डोळेच मिटून घेतले. खोबरेल. खोबरेल तेलात कालवलेली हळद. पाण्यात घातली तरी जाऊ नये म्हणून तेलात. बोटीच्या नाळेला पुतळाबाई वर्षानुवर्षं लावायची तशीच, फक्त ह्या खेपेला पाहुण्याच्या डोळ्याला. खिडकीतला निळा उजेड त्या हळदीवर पडत होता, हळद चमकत होती, आणि बिचारं यंत्र सांगत होतं, हिरवं, हिरवं, सगळीकडे हिरवं.

"आजी!" नमिता एवढंच म्हणाली, पण असं म्हणाली की धर्माने सुकाणू सोडलं.

"काय केलंन आयेने?"

तिने बोट दाखवलं. धर्माने वास घेतला, कृणालने वास घेतला. कृणालच्या तोंडातून हसू फुटायला आलं होतं, पण नमिताचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. यंत्र तिच्या ताब्यात होतं. तिच्या घरी होतं. तिच्या आजीने केलं होतं. हे सांगितलं की जहाज गेलं. नाही सांगितलं तर टपावर रेंज यायचाच अवकाश.

"आली! रेंज आली!" सर वरून ओरडले. "हॅलो, साहेब, राजाराम बोलतोय! ऐका, एक जबरदस्त..."

"सर, फोन ठेवा!"

नमिता एवढ्या मोठ्याने ओरडली की बोटीवर बसलेले बगळे उडाले. सर टपावर ओणवे झाले. फोन कानाला, टोपी एका कानावर.

"काय झालं?"

"शेवाळ नाही सर. हळद आहे."

"काय आहे?"

"हळद! माझ्या आजीने यंत्राची पूजा केली. डोळ्याला हळद लावली. पेटी माझ्या घरी होती, चूक माझी. फोन ठेवा सर, प्लीज!"

सरांनी फोनकडे बघितलं. फोनमधून कोणीतरी "जबरदस्त काय? जबरदस्त काय?" असं विचारत होतं. "जबरदस्त हवा आहे आज, साहेब," सर म्हणाले आणि फोन बंद केला.

ते खाली उतरले. त्यांनी काच बघितली. वास घेतला. नाडी परत बांधली. ते लक्षण बरं नव्हतं.

"तू म्हणतेस, हळद," सर म्हणाले. "कशावरून? काच खराब झाली असेल. यंत्र आपटलं असेल. हळद म्हणालीस की हळद झाली का? सिद्ध कर."

नमिताने इकडेतिकडे बघितलं. धर्माने खिशातून शांपूचं पाकीट काढून दिलं. डब्याला गुंडाळलेलं आजीचं जुन्या लुगड्याचं मऊ फडकं होतंच. तिने गोड्या पाण्याने, शांपूने काच हळूहळू साफ केली, तान्ह्या बाळाचे डोळे पुसावेत तशी. यंत्र बादलीतल्या पाण्यात ठेवलं. स्क्रीनवर रेघ शहाण्यासारखी खाली आली.

"साफ केल्यावर खाली आली," सर म्हणाले. "पण मळ दुसराही असू शकतो. हळदच कशावरून?"

"मग परत लावून बघते."

"हळद आणलीस?"

नमिताने डबा उघडला. पुतळाबाईने दुपारच्या जेवणाला तळलेले बोंबील दिले होते, तळाशी तेल सुटलेलं, हळदीने पिवळंजर्द. सर शाकाहारी, ते दोन पावलं मागे सरकले. नमिताने बोटाच्या टोकाने त्या तेलाचा एक ठिपका काचेवर लावला आणि यंत्र परत बादलीत सोडलं. रेघ सटकन उजव्या काठाला! काच पुसली, रेघ खाली. परत ठिपका, परत काठाला. नुसतं खोबरेल लावून बघितलं, धर्माच्या डोक्याचं. रेघ जागची हलली नाही.

"बोंबलाचा महापूर," कृणाल पुटपुटला.

सरांनी स्वतः बादलीत डोकावून बघितलं. मग म्हणाले, "काच साफ कर. पहिल्यापासून सुरुवात." आणि तिच्याशी संध्याकाळपर्यंत कामाखेरीज एक शब्द बोलले नाहीत. नमिताने थेट मनोरीच्या बाजूपर्यंत जागोजागी यंत्र सोडलं. प्रत्येक खेपेला आधी काच पुसली, नंतर चकती सोडून डोळ्यांनीही ताडून बघितलं. रेघा छान येत होत्या, वर जास्त, खाली कमी, जशा यायला हव्यात तशा. तिला त्यांचा आनंद होत नव्हता. जहाज दूर दूर जात होतं. शिडी कोणीतरी वर ओढून घेतली होती.

बोट धक्क्याला लागली तर पुतळाबाई पदर खोचून उभीच.

"कसं झालं गो? बगलंन का त्याने नीट?"

"आजी, हळद लावलीस ना?"

"लावली! मंग? बोटीला लावतो, जाल्याला लावतो. माजी नात घरातली पयली बाय दर्यात गेलेली, आनि तिचंच यंत्र बिनपुजेचं? लोक काय म्हनतील?"

"माझं जहाज गेलं ना त्याच्यामुळे!" नमिताला रडू फुटलं.

पुतळाबाईचं तोंड उतरलं. मग ती सरळ राजाराम सरांसमोर जाऊन उभी राहिली. "सायेब, पोरीला काय बोलू नका. तिने मना सांगितलेलं हात लावू नको. मीच आगाऊ. शिक्षा द्यायची तर मना द्या. मी जाते तुमच्या जहाजावर भांडी घासायला."

सर हसले. दिवसभरात पहिल्यांदा.

"बाई, तुमची नात मला टपावरून ओरडून खाली उतरवते. जागा पक्की झालेली असताना. आकडा तिच्या फायद्याचा होता, आणि तिला तोच खोटा वाटला. मला सोन्यासारखा आकडा मिळाला तर मी टपावर चढलो. तिने चकती सोडली." ते नमिताकडे वळले. "जहाजावर मी नसणार. तिथे आकडे आले की नाचणारे पुष्कळ असतील. संशय घेणारं कोणीतरी हवं. तू जा."

"माझी उद्याची पाळी?" कृणाल म्हणाला.

"तू तिला गप बस म्हणालास. टपावर सगळं ऐकू येतं."

कृणालचे कान लाल झाले. "बरोबर आहे सर," तो म्हणाला. मग नमिताला, "माझ्या आजीने नुसती हळद लावून सोडली नसती हां. देवाला गाऱ्हाणंच घातलं असतं. यंत्र बंद पडलं असतं."

नमिता रडता रडता हसली. पुतळाबाईने लगेच पदर कमरेतून सोडला आणि मान ताठ केली. "बगलंस? माज्या हलदीमुलेच झालं."

आणि ते खोटंही नव्हतं.

सरांनी एकच अट घातली. त्यांनी पिंजऱ्याच्या वरच्या दांड्याला लाल चिकटपट्टी लावली आणि पुतळाबाईला बोट ठेवून दाखवलं. "हळद इथे. फक्त इथे. डोळ्याला नाही."

"आनि कुंकू?"

"कुंकूही इथेच."

मग सगळे घरी आले. पुतळाबाईने पानं मांडली. राजाराम सर, जन्माचे शाकाहारी, त्यांनी तळलेला बोंबील हातात घेतला, डोळे मिटले, एक घास खाल्ला आणि म्हणाले, "अजून एक वाढा."

आता एवढं ऐकलंत, तर एक सांगून टाकते. नाहीतर माधुरी उद्या थेट खारदांड्याला जाऊन विचारेल. चप्पल खरी, हळद खरी, टप खरा, जहाजही खरं. सरांनी बोंबील मात्र खाल्ला नाही. त्यांनी भाकरी खाल्ली, लसणीच्या चटणीशी, आणि बरोबर तो अर्धा नारळ. पण कोळ्याच्या घरी पाहुणा आला आणि मासळीला हात न लावता उठला, हे माझ्या तोंडाने मी कशी सांगू?